उद्देश्यातला 'य'

खट्.

आवाज एवढाच. पण मे महिन्यातली दुपार होती. अप्पच्चन, म्हणजे माझे सासरे, तोंडावर पेपर पसरून झोपले होते. माझी चिमुरडी लेक पोन्नू फरशीवर पालथी पडून मुंग्यांना बिस्किटाचा चुरा वाढत होती आणि मी हाताला खोबरेल चोपडून फणस फोडायला बसले होते. घर इतकं गप्प होतं की फणसाचा चीक गळतानाही ऐकू आला असता. त्या गप्पपणात फेबाच्या खोलीची कडी लागली. आतून.

एका कडीवरून गोष्ट सुरू करायची म्हणजे नमनालाच घडाभर तेल. पण तेल तर माझ्या कोपरापर्यंत आधीच पोचलेलं होतं, तेव्हा सांगतेच.

फेबा माझ्या नवऱ्याची भाची. तिची आई, म्हणजे माझी नणंद जॉलीचेच्ची (चेच्ची म्हणजे ताई), कुवेतला नर्स आहे. वडीलही तिथेच. नववीपासून फेबा आमच्याकडे राहते. दहावीची परीक्षा झाली की अम्मा सुट्टीवर येणार, मग दोघी मिळून काय काय करणार, हे सगळं तिने पोन्नूला इतक्यांदा सांगितलं होतं की पोन्नूला ते पाठ झालं होतं. त्या दुपारी फोन आला. मला फक्त फेबाच्या बाजूचं ऐकू आलं. "हो अम्मा. असू दे अम्मा. नाही, काही नाही वाटत अम्मा." मग पावलं, आणि मग ती कडी. सुट्टी रद्द झाली होती.

मी जाऊन दार वाजवलं. दारावर माझ्या पाच बोटांचा तेलकट ठसा उमटला. तो अजून आहे.

"फेबा मोळे, गरे तळतेय. गरमगरम खाणार?"

"नको, अम्मायी." अम्मायी म्हणजे मी, तिची मामी.

"थोडेसे?"

"नको."

पोन्नू माझ्यापेक्षा व्यवहारी. ती सरळ आडवी झाली आणि दाराखालच्या फटीला डोळा लावला. "फेबाचेच्ची, मला तुझे पाय दिसतायत," तिने कळवलं. "पाय रडत नाहीयेत," हे तिने मला हळूच सांगितलं, धीर द्यायला.

पुढचे दिवस ती कडी जेवणापुरती उघडायची आणि पुन्हा लागायची. मी काही मानसशास्त्र शिकलेली नाही. मुलाचं तोंड उघडायचं असेल तर त्यात काहीतरी गोड घालावं, एवढंच माझं शास्त्र. आणि ते त्या दारापुढे हरलं होतं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर जोमी अच्चन, म्हणजे आमचे पाद्री, सूचना वाचायला उभे राहिले. आमचे अच्चन तरुण आहेत, नव्यानेच आमच्या चर्चला आलेत, आणि लोक आपलं ऐकतात असा त्यांचा अजून समज आहे. त्यांनी सांगितलं की मोठ्या मुलांचं उन्हाळी शिबिर यंदाही कुट्टिक्कानमच्या डोंगरावरच्या आपल्या बंगल्यात भरवायचं आहे, पण अजून एकही नाव आलेलं नाही. यंदा मुलं मिळाली नाहीत तर शिबिर कायमचं बंद. बंगला भाड्याने द्यायचं वरून ठरतंय.

बाबुच्चायन उभे राहिले. बाबुच्चायन म्हणजे आमच्या कमिटीचे सेक्रेटरी. ते नेहमी आधी उभे राहतात आणि काय बोलायचं ते मग ठरवतात.

"अच्चन, विचारतो म्हणून राग मानू नका. या कॅम्पचं उद्देश्यम् काय?"

"मुलांना प्रभूच्या सान्निध्यात..."

"ते दर रविवारी असतंच की. स्कूटर लावायला जागा मिळाली तर. माझ्या एबिनचं बघा. सकाळी फिजिक्सचा क्लास, दुपारी केमिस्ट्रीचा, संध्याकाळी त्याचं डोकं दुखतं. यात प्रभूला कुठल्या वेळेला बसवू, सांगा."

डॉक्टर-इंजिनियरच्या प्रवेश परीक्षा प्रभूच्या दुसऱ्या आगमनाआधीच येऊन ठेपणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. बाकांवर माना डोलल्या. अच्चन कागदाची घडी घालू लागले.

घरी येताना फेबा माझ्या मागून चालत होती. रबराच्या बागेपाशी ती एकदम जवळ आली.

"अम्मायी, त्या बंगल्यात फोन लागत नाही ना?"

"छे! त्या डोंगरात कसली रेंज! लग्नाआधी मी गेले होते तेव्हा बिस्किटाचा पुडा आणायलासुद्धा खाली उतरावं लागायचं."

"अजिबात नाही लागत?"

"अजिबात नाही."

"मग मी जाईन," ती म्हणाली, आणि पुन्हा मागे पडली.

इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मी पदर खोचला, परत चर्चकडे वळले आणि अच्चनना म्हटलं, कॅम्पचं मी बघते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अच्चनचा चेहरा इतका उजळला की मला तिथेच शंका यायला हवी होती. "ब्लेसी, फारसं काही करायचं नाही हं," ते म्हणाले. जगातली सगळी मोठी संकटं याच वाक्याने सुरू होतात. आमचं लग्नही असंच सुरू झालं होतं.

पहिलं काम होतं फलक. चर्चच्या दाराशी लावायला मोठा रंगीत फलक, त्यावर शिबिराचं नाव आणि खाली एका ओळीत उद्देश्यम्, म्हणजे बाबुच्चायनचं तोंड बंद होईल. एकच ओळ! मी म्हटलं, पोळपाट धुता धुता सुचेल.

इथे थोडं व्याकरण सांगावं लागेल, कारण पुढची सगळी बेअब्रू व्याकरणातूनच झाली. आमच्या मल्याळममध्ये 'उद्देश्यम्' म्हणजे हेतू. त्यातला 'य' गळला की उरतं 'उद्देशम्', म्हणजे अंदाजे, साधारण. बोलताना सगळे दोन्ही सारखंच बोलतात. लिहितानाही निम्मं राज्य चुकतं. उरलेल्या निम्म्याला अप्पच्चननी शिकवलंय. ते मल्याळमचे मास्तर होते, आणि या एका 'य'पायी त्यांनी किती तळहात लाल केले याची गणती नाही. अजूनही घरी लग्नपत्रिका आली की ते लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवतात. त्यामुळे गावात आम्हाला जेवणाची आमंत्रणं जरा कमीच येतात.

तर मी ओळ शोधायला लागले, आणि गावाला वास लागला.

लीलाम्मा आंटी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "लिही, मुलांच्या हातातला मोबाईल सोडवण्यासाठी." हे त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून मान वर न करता सांगितलं. मग जरा विचार करून, "आणि खरं लिहायचं तर लिही की आपल्याच सभेतल्या मुलामुलींची ओळख होते. पुढे स्थळं बघायला बरं पडतं. मी आणि आमचे हे कुठे भेटलो असं तुला वाटतं?"

"कॅम्पला?"

"प्रार्थनेला डोळे मिटायचे होते," त्या म्हणाल्या, "दोघांनीही मिटले नव्हते."

बाबुच्चायनचं म्हणणं, ओळीत 'व्यक्तिमत्त्व विकास' असल्याशिवाय एकही बाप सही करणार नाही. अच्चनना 'आत्मिक नवजीवन' हवं होतं. माझे यजमान शिबुच्चायन जेवता जेवता म्हणाले, "लिही, आईबापांना चार दिवस शांतता."

"इच्चाया, मी गंभीरपणे विचारतेय."

"मीही गंभीरपणेच सांगतोय. आमसूल वाढ."

अप्पच्चन एवढंच म्हणाले, "काय लिहायचं ते लिहा. फक्त 'य' विसरू नका."

शेवटी कमिटीत इतकं वाजलं की अच्चन म्हणाले, आत्ता फलकावर 'शिबिराचं उद्देश्यम्' एवढं छापून पुढे जागा मोकळी सोडू. एकमत झालं की रंगाने हाताने लिहू. एकमत! आमच्या चर्चमध्ये छताचे पंखे किती वेगाने फिरवायचे यावरही अजून एकमत झालेलं नाही. पण मी मजकूर फोनवर टाइप करून छापखान्यात पाठवला. तेव्हा एका हातात झारा होता, कढईत गरे होते आणि पोन्नू माझ्या पायाला मिठी मारून "मला दोन दे, दोन दे" असा जप करत होती. तेलकट बोटाने किती अक्षरं दाबली गेली आणि किती निसटली, ते त्या फोनलाच ठाऊक.

थोड्या वेळाने छापखान्यातून फोन आला. "चेच्ची, तुम्ही लिहिलंय शिबिराचं उद्देशम्, आणि पुढे काहीच नाही. उद्देशम् किती?"

मला वाटलं, मुलं किती येणार ते विचारतोय. चांगला जबाबदार माणूस दिसतो. "तीस," मी म्हटलं. "तीस तरी व्हायलाच हवीत."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने छापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चर्चच्या दारावर, बारशाच्या पाळण्यासारखा फुगे लावून, तो फलक झळकला. वर डोंगर, सूर्य आणि कबुतर. खाली ठळक अक्षरांत, मराठीत सांगायचं तर: 'मुलांचं उन्हाळी शिबिर. साधारण तीस.'

अप्पच्चन सकाळच्या फेरीवरून आले ते काही न बोलता आरामखुर्चीत बसले. मी कॉफी नेली. ती त्यांनी घेतली नाही.

"ब्लेसी मोळे," ते म्हणाले, "माझ्याच घरात?"

त्या दिवसापासून ते चर्चला मागच्या, दफनभूमीकडच्या फाटकाने जाऊ लागले. म्हणायचे, तिकडच्या दगडांवर तरी अक्षरं शुद्ध आहेत. लीलाम्मा आंटी भाजीवाल्यासमोर मोठ्याने म्हणाल्या, "ब्लेसी, टोमॅटो किती घेणार? साधारण तीस?" बाबुच्चायननी तर कमिटीत विचारलंच की हे शिबिर कुठल्या तीस गोष्टींसाठी आहे. मी पदवीधर बाई. लग्नाआधी शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझी मान दिवसभर जमिनीवरच्या फरश्या मोजत होती. सगळ्यात वाईट म्हणजे पोन्नूला तो शब्द फार आवडला. "अम्मे, मला उद्देशम् दोन बिस्किटं दे." तिच्या हिशेबात उद्देशम् दोन म्हणजे चार.

मी ठरवलं, झालं तेवढं पुरे. अच्चनकडे जाऊन हात जोडायचे. चपला घातल्या, आणि तेवढ्यात बंद दाराआडून आवाज आला.

हसण्याचा.

आधी एक गुदमरलेली फिस्स, मग उशीत तोंड खुपसून हसल्यासारखं, मग उशीलाही आवरेना तसं. मी चपला घालूनच दाराला कान लावला. माझ्याआधी पोन्नूचा कान खाली लागलेलाच होता. फेबाने तो फलक आत्ता पाहिला होता, कुणीतरी फोटो पाठवला होता म्हणून. तिने तो पुढे पाठवला, वर लिहिलं, 'माझी अम्मायी. साधारण ग्रेट.' हे मला मागाहून कळलं.

मी चपला काढल्या.

तो फोटो मुलांच्या फोनांतून गावभर फिरला, आणि त्यानंतर जे झालं ते कुठल्याच कमिटीला जमलं नसतं. संध्याकाळी एबिन, खुद्द बाबुच्चायनचा एबिन, आमच्या फाटकाशी सायकल टेकून उभा. "आंटी, त्या साधारण कॅम्पला माझं नाव घ्याल?"

"तुझ्या अप्पांना विचारलंस?"

"साधारण विचारलंय."

मग चर्चमधली अनीना आली, मग तिच्या दोन मैत्रिणी. मी एकीला विचारलं, का गं येतेयस? ती म्हणाली, "आंटी, बाकी सगळ्या फलकांवर लिहिलेलं असतं आम्ही काय बनायचं. तुमच्या फलकावर काहीच नव्हतं. म्हटलं, इथे बरं असेल." हे ऐकून अच्चननी फलक उतरवायचा विचार सोडला. अप्पच्चननी मात्र दफनभूमीचं फाटक सोडलं नाही.

आता राहिली माईकची परवानगी. डोंगरावर गाणी होणार, शेकोटीभोवती माईक लागणार, म्हणजे पोलिसांची परवानगी लागणार, आणि ती संगणकावरून मागावी लागणार. बाजारातल्या सेवा केंद्रात एक चुणचुणीत मुलगी बसते. तिने विचारलं, "चेच्ची, उद्देश्यम्?"

पुन्हा! मी म्हटलं, "आत्मिक नवजीवन."

"ते यात नाहीये. यात आहे विवाह, मयत, जाहीर सभा, उत्सव आणि इतर."

"मग इतर."

"इतर दाबलं की पान पांढरं होतं." तिने दाबून दाखवलं. झालं पांढरं.

"उत्सव टाक."

"हत्ती किती?"

"हत्ती नाहीत गं!"

"शून्य घेत नाहीये, चेच्ची."

जाहीर सभेला पक्षाचं नाव हवं होतं. मयताला मृताचं नाव हवं होतं, आणि तिथे माझ्या मनात बाबुच्चायनचं नाव आलं, प्रभू मला क्षमा करो. उरला विवाह. मुलगी म्हणाली, "हेच बरं. सगळे हेच करतात. फक्त दोन नावं द्या, एक बाईचं, एक पुरुषाचं. जबाबदार माणसं असली म्हणजे झालं." मी माझं नाव दिलं. आणि जबाबदार पुरुष म्हणून, दुसरं कोण डोळ्यांपुढे येणार, अच्चनचं.

परवानगी आली ती आधी शिबुच्चायनच्या हातात पडली. त्यांनी ती दोनदा वाचली. "ब्लेसी आणि रेव्हरंड जोमी यांचा शुभविवाह," ते म्हणाले. "निदान मला पत्रिका तरी पाठवायचीस."

"इच्चाया, संगणकात दुसरं काही नव्हतं."

"हो, माझ्या वेळीही तुझ्या बाबांना दुसरं काही मिळालं नव्हतं."

बदलायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी बस सुटायची होती. मी तो कागद बायबलमध्ये ठेवून दिला, म्हटलं तिथे कोणी बघणार नाही. पाद्रीबाबांच्या मंडळीबद्दल असं बोलू नये, पण खरं आहे.

बस मुलांनी भरली. किती आली होती, मोजायचं धाडस मी केलं नाही. साधारण बरोबर असतील. पोन्नूला घरी ठेवणं शक्य नव्हतं, ती माझ्या मांडीवर. फेबा खिडकीशी एकटी. वळणावळणाने बस चढत गेली, चहाचे मळे लागले, आणि मुलांच्या फोनांवरच्या रेघा एकेक करून मावळल्या. सगळी मुलं "आईशप्पथ, गेली!" म्हणून ओरडली. फेबाने मात्र फोनकडे पाहिलं, तो बंद केला, पिशवीच्या तळाशी घातला आणि मान मागे टाकून झोपली. अशी झोप मी घरात कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

पहिले दोन दिवस बरे गेले, म्हणजे आमच्या मानाने. पाण्याची मोटर जळली, तर मुलांनी झऱ्यावरून रांग लावून बादल्या आणल्या. अच्चनच्या प्रवचनाच्या वेळी माकडांनी पाव नेले, आणि मुलांनी त्या प्रवचनाला 'पाच भाकरी गेल्या' असं नाव दिलं. फेबा अनीनाबरोबर कांदे चिरताना दिसली. बोलत नव्हती, पण चिरत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी जीप आली.

जीपमधून उतरल्या त्या सब-इन्स्पेक्टरबाई उंच होत्या, आणि त्यांच्या हातात माझा कागद होता. "खालच्या मळ्यातून तक्रार आलीय. तीन दिवस लग्नाचा माईक चालू आहे म्हणतात," त्या म्हणाल्या. "असलं कसलं लग्न आहे हे? नवरदेव कोण?"

अच्चन भांड्यात कप्पा घोटत होते. कंदाचा तो चिकट लगदा ढवळायला ताकद लागते, त्यामुळे ते बनियनवर, कमरेला पंचा, हातात वल्ह्याएवढा डाव. "मी," ते म्हणाले. "म्हणजे, कागदोपत्री."

"नवरी?"

मी पुढे झाले. कडेवर पोन्नू. पोन्नूच्या नाकाला शेंबूड.

"आणि या कोण?"

"मी यांची बायको," अच्चनच्या पत्नी, कोच्चम्मा, शांतपणे म्हणाल्या. "यांचं लग्न आहे हे मलाही आत्ताच कळतंय."

मुलांत जो हशा पिकला तो आवरेना. इन्स्पेक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वऱ्हाडावरून नजर फिरवली. एकाही वऱ्हाड्याला मिसरूड धड फुटलेलं नव्हतं. "खोट्या कारणाने परवानगी काढलीत," त्या म्हणाल्या. "हे चालणार नाही. आत्ताच्या आत्ता सामान आवरा. बस बोलवा."

हसणं थांबलं. मी फेबाकडे बघितलं. ती कांद्याची सुरी हातात धरून उभी होती, आणि तिचा चेहरा मिटत चालला होता. मला कडीचा आवाज ऐकू आला. खरंच आला.

"मॅडम," मी म्हटलं, "चूक माझी आहे. संगणक इतर घेत नव्हता..."

"मग खरं कारण सांगा ना! इथे आलात कशासाठी? उद्देश्यम् काय?"

इतके दिवस हा प्रश्न माझ्या मागे लागला होता. गावभरची उत्तरं माझ्याकडे जमली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. अच्चन म्हणाले, "आत्मिक..." आणि डाव हातात घेऊन थांबले.

बाई मुलांकडे वळल्या. "तुम्ही सांगा. तू का आलास?"

"फिजिक्स चुकवायला," एबिन म्हणाला. पोलिसांपुढे खोटं बोलायचं नसतं, असं त्याला बाबुच्चायननीच शिकवलंय.

"तू?"

"ही आली म्हणून."

"जेवण चांगलं असतं म्हणून."

"फलक बघून."

"तू?" बाईंनी सुरीकडे बोट केलं.

फेबा म्हणाली, "इथे फोन लागत नाही म्हणून."

"म्हणजे?"

"फोन लागत असला की वाट बघावी लागते. आज येईल, उद्या येईल. इथे येणारच नाही हे माहीत असतं. मग वाट बघावी लागत नाही." ती सुरीकडे बघत बोलली. "माझी अम्मा कुवेतला आहे."

मग अनीनाने, कांद्याने भरलेले डोळे पुसत, हात वर केला. "माझे अप्पा दुबईत." मागून एक हात आला. मग आणखी एक. कुणाची आई लंडनला, कुणाचे दोघेही मस्कतला, कुणाचे वडील जहाजावर. मी रोज या मुलांना जेवायला वाढत होते, आणि मला हे कधी एकत्र दिसलं नव्हतं. एबिनचे आईवडील घरातच असतात, तरी त्याने हात वर केला. म्हणाला, "माझे अप्पा कमिटीत असतात."

फेबा हसली. सगळ्यांदेखत, उशीशिवाय.

इन्स्पेक्टरबाईंनी टोपी काढली. केसांची अंबाडी घामाने भिजली होती. त्यांनी कागदाची घडी घातली. "नक्की नवरा-नवरी कुणी नाही ना?"

"नाही," कोच्चम्मा म्हणाल्या, "त्याची मी खबरदारी घेईन."

"मग माईक बंद ठेवा. गाणी तोंडाने म्हणा." त्या जीपकडे निघाल्या, थांबल्या. "कप्प्याबरोबर मासळीचं कालवण आहे का?"

होतं. लालभडक. त्या पायरीवर बसून दोनदा कप्पा घेऊन जेवल्या, आणि जेवता जेवता त्यांनी फेबाला विचारलं, किती दिवस झाले अम्माला बघून? दोघी काय बोलल्या ते मला वाढता वाढता ऐकू आलं नाही. निघताना मात्र त्या मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी उत्सव टाका. मी हत्ती लिहीन एक."

त्या संध्याकाळी माईकशिवाय गाणी झाली. पोन्नूचा सूर सगळ्यांत वर होता, शब्द मात्र तिचे स्वतःचे होते.

परत आलो तर अप्पच्चन चर्चच्या पुढच्या फाटकात उभे. हातावर रंग. आम्ही नव्हतो तेव्हा त्यांनी शिबुच्चायनना शिडी धरायला लावून फलकात 'य' भरला होता, निळ्या रंगात, सुबक. आता चर्चच्या दारावर लिहिलेलं आहे, 'शिबिराचं उद्देश्यम् तीस'. म्हणजे आता त्याचा काहीच अर्थ लागत नाही, पण ते शुद्ध आहे. बाबुच्चायन म्हणतात, पुढच्या वर्षी एबिनला दोन दिवस आधी पाठवलं तर चालेल का. आणि बंगला भाड्याने द्यायचं तूर्त कुणी काढत नाही.

आज दुपारी पुन्हा फणस घेऊन बसले होते. फेबाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि फटीतून तिचं आणि अनीनाचं फोनवरचं खिदळणं येत होतं. ते संपलं आणि कुवेतचा फोन आला. फेबा फोन कानाला लावून बाहेर आली, माझ्या ताटातले गरे उचलत. "अम्मा, ऐक ना, आपल्या अम्मायीचं लग्न लागता लागता राहिलं..." सगळी गोष्ट तिने पोलिसबाईंच्या आवाजासकट सांगितली. पलीकडे जॉलीचेच्ची हसताना मला इथपर्यंत ऐकू आली. मग फेबाचं बोलणं हळू झालं. "हं," ती म्हणाली. "हो. बघ ना." आणि ती व्हरांड्यात गेली, पण दार उघडं ठेवून.

पोन्नू माझ्या मांडीवर चढली. तिने तेलकट गरा तोंडातून काढून माझ्या कानाशी तोंड आणलं.

"अम्मे, फेबाचेच्चीची अम्मा कधी येणार?"

"येईल गं. सुट्टी मिळाली की."

"कधी मिळणार?"

"ते तिथल्या लोकांना माहीत."

तिने थोडा विचार केला. व्हरांड्याकडे पाहिलं. मग आपला चिकट तळहात माझ्या गालावर ठेवला, मी समजूतदार आहे, मला चालेल, अशा थाटात.

"अगदी बरोबर नको सांगू, अम्मे," ती म्हणाली. "उद्देशम् कधी?"